जबड्यातली गाठ कसली आहे हे एक्स-रेवरून कळतं, की बायॉप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) करावीच लागते?

बायॉप्सी करावीच लागते. एक्स-रेवरून फक्त अंदाज बांधता येतो. अमेलोब्लास्टोमा (दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारी गाठ), केराटोसिस्ट (केराटिनचं अस्तर असलेली पिशवीसारखी गाठ) आणि न उगवलेल्या दाताभोवतीची साधी सिस्ट (द्रवाची पिशवी) एक्स-रेत सारख्याच काळ्या पोकळीसारख्या दिसू शकतात, उपचार मात्र फार वेगळे. सूक्ष्मदर्शकाखाली अमेलोब्लास्टोमा बहुधा ओळखू येतो: पेशींच्या बेटांच्या कडेला उंच पेशींची रांग, त्यांची केंद्रकं तळापासून दूर सरकलेली, मधोमध ताऱ्यासारख्या सैल पेशी. दात घडतानाच्या पेशींचीच ही ठेवण! पण तुकडा एकटा नेहमी पुरत नाही. रिपोर्टमध्ये 'जायंट सेल' (अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशींची) गाठ आली, तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड (गळ्यातली, कॅल्शियम सांभाळणारी छोटी ग्रंथी) हार्मोन तपासून घ्याच. त्या ग्रंथीच्या विकारात हाडात होणारी गाठ, 'ब्राउन ट्यूमर', हुबेहूब तशीच दिसते, आणि तिथे आधी ग्रंथीवर उपचार करावे लागतात.