कुंपण घातले की फुलपाखरू वाचते का?

प्रश्न : आमच्या गायरानात आणि लगतच्या सोयाबीनच्या रानात पावसाळ्यात काळ्या पंखांवर चंद्रासारखे पांढरे ठिपके असलेले फुलपाखरू दिसते. ते दुर्मीळ असल्याचे कळल्यावर गायरानाला तारेचे कुंपण घालून चराई बंद करावी आणि आत झाडे लावावीत, अशी मागणी तरुण मंडळींनी केली आहे. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांचा विरोध आहे. काय करावे?
— एक वाचक, भूम तालुका, जि. धाराशिव

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा डॅनाइड एगफ्लायचा नर असावा. ठिपक्यांच्या कडेला निळसर-जांभळी झाक दिसते का, तेवढे पाहून घ्यावे. मादी मात्र नारिंगी असते आणि रुईवर वाढणाऱ्या, पक्ष्यांना न मानवणाऱ्या प्लेन टायगर फुलपाखराची हुबेहूब नक्कल करते. त्यामुळे ती डोळ्यांसमोर असूनही ओळखू येत नाही. जगभराचा विचार केला तर ही जात संकटात नाही, परंतु १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश केला गेला होता, तेव्हा तरुणांची कळकळ अनाठायी नाही. उपाय मात्र तपासून घ्यावा लागेल.

इंग्लंडमध्ये लार्ज ब्ल्यू नावाच्या फुलपाखरासाठी नेमके हेच करून पाहिले गेले. संग्राहक ते पकडून नेतात म्हणून १९३०च्या दशकात एका जागेला कुंपण घातले. संग्राहकांबरोबर गुरेही बाहेर राहिली आणि फुलपाखरू तेथून नाहीसे झाले. १९७९मध्ये ते ब्रिटनमधून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. कारण जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञांनी शोधले. या फुलपाखराची अळी आधी थाइम या तुळशीच्या कुळातील झुडपावर वाढते, मग जमिनीवर उतरते. तेथून एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्या तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेतात आणि ती सुमारे दहा महिने त्यांचीच पिल्ले खाऊन जगते. त्या मुंग्यांना उन्हाने तापलेली माती लागते. चराई थांबली, त्यात १९५०च्या दशकातील रोगाने ससेही मेले, गवत वाढून माती थंड झाली आणि मुंग्या गेल्या. चराईची घडी पुन्हा बसवल्यानंतरच १९८३पासून स्वीडनहून आणलेली फुलपाखरे तेथे रुजवता आली.

तेथील गवताची उंची आपल्या माळावर लागू करावी असे मुळीच नाही. आपल्या फुलपाखराची अळी काय खाते, येथून सुरुवात करावी. ती प्रामुख्याने घोळ खाते. खुरपणीला गेलेल्या बायका भाजीसाठी ओट्यात भरून आणतात तीच घोळ. अळी काळी, अंगभर फाटे फुटलेल्या काट्यांची असते आणि सोयाबीनच्या वाटेला जात नाही. तरीही कीड समजून तिच्यावर फवारणी होते, आणि तणनाशकाने घोळच संपली तर फवारणीचीही गरज उरत नाही. माझ्या मते खरा धोका शेळ्यांपेक्षा या फवाऱ्यात अधिक आहे.

म्हणून सरसकट कुंपण नको. गायरानाचे दोन-तीन तुकडे पाडून आळीपाळीने चारावेत. कोणता तुकडा केव्हा सोडायचा हे मेंढपाळांनाच विचारावे, कारण माळ त्यांच्याइतका कोणी पाहिलेला नसतो. उघड्या गवताळ माळावर दाट झाडे लावू नयेत. रोपे लावायचीच असतील तर ओढ्याच्या काठी लावावीत. शेतकऱ्यांनी धुऱ्याकडेच्या म्हणजे बांधालगतच्या दोन ओळींत तणनाशक न मारता खुरपणी करावी आणि थोडी घोळ राखावी. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार असलेल्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने फुलपाखराची व घोळीची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत करावी आणि लगत वनजमीन असल्यास वनरक्षकालाही बैठकीस बोलवावे. ही बैठक पेरणीपूर्वीच व्हावी; तणनाशकाची खरेदी झाल्यावर धुऱ्याचा विषय कोणी ऐकून घेणार नाही.