आपले पैसे तर वेलीलाच लागतात ना, पप्पा

मे महिना जवळ आला की एक तक्रार माझ्याकडे हमखास येते. "मॅडम, पोरं घरात गुणी आहेत. पण फिरायला नेलं की दर दुकानासमोर बसकण मारतात. नाही म्हटलं तर रडारड, घेऊन दिलं तर तासाभरात ती वस्तू गाडीच्या सीटखाली." मी सांगलीत विश्रामबागेत समुपदेशन करते. येणारी बरीच कुटुंबं तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडची, द्राक्षबागायतदार. हेही तसलंच एक. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आई, वडील, आज्जी, 11 वर्षांचा थोरला आणि 7 वर्षांची धाकटी. आदल्या वर्षी ही मंडळी महाबळेश्वरला गेली होती. वेण्णा तलावावर धाकटीनं घोड्याची दुसरी फेरी मागितली. वडील आधी नाही म्हणाले, मग लोक बघायला लागल्यावर हो म्हणाले. संध्याकाळी बाजारात तिनं पुन्हा तेच केलं, तेव्हा धपाटा मिळाला. "आणि सासूबाई मागून गुपचूप पन्नासची नोट सरकवतात, ते वेगळंच," आई म्हणाली.

या किरकोळ खरेदीत किती गेले असतील, असं मी विचारलं. वडिलांचा अंदाज पाचशेचा. आईनं फोनवरचे जुने व्यवहार काढले, रोखीचे आठवून जोडले आणि आकडा आला 2,700 च्या पुढं. वडिलांनी फोन स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा बेरीज केली.

मग मुलाकडं वळून ते म्हणाले, "पैसे काय झाडाला लागतात का रे?"

तो खाली बघतच पुटपुटला, "आपले तर वेलीलाच लागतात ना, पप्पा."

सगळे हसले. पोरगा हसला नाही, म्हणून ते वाक्य मी टिपून ठेवलं.

आधी हट्टाचं बघू. मूल हावरट असतं म्हणून मागतं, असं फार क्वचित असतं. सहलीत पैशाची सगळी सूत्रं मोठ्यांच्या हातात. किती आहेत, किती उरले, मुलांना काहीच ठाऊक नसतं. त्यांच्या हातात एकच गोष्ट असते, रडणं. आणि ते कधी चालतं, कधी चालत नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं ठेवलं की कबुतर चोच मारायचं लवकर सोडत नाही. आपण तलावावर "हो" आणि बाजारात धपाटा देतो, तेव्हा मुलीला तेच शिकवत असतो. त्यापेक्षा दर वेळी ठाम "नाही" परवडलं. पण सहलीत चार दिवस नाही-नाही म्हणत फिरायचं तर घरी बसलेलं काय वाईट?

म्हणून मी सांगितलं, पैसे मुलांच्या हातात द्या. यंदा मालवणला जायचं ठरलं होतं. फोंडा घाटानं खाली उतरायचं आणि परत येताना सावंतवाडी, आंबोलीमार्गे. बेदाण्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब आणि पैसे, आली होती, त्यामुळं घरात वातावरणही मोकळं होतं. थोरल्याला 800 रुपये एकदम. धाकटीला 500, पण रोज सकाळी सव्वाशे याप्रमाणे, कारण सात वर्षांच्या पोरीला चार दिवस पुढचं दिसत नाही. पैसे रोखच, तेही दहा-वीसच्या नोटांत. वडील म्हणत होते, थोरल्याला फोनवरूनच देऊ दे की, वळण लागेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 10 वर्षांपुढचं मूल स्वतःचं बचत खातंही चालवू शकतं, बँक मर्यादा घालून देते, त्यामुळं मागणी काही वेडगळ नव्हती. पण फोन पुढं केला, टुणकन आवाज आला की झालं, यात पैसे गेलेले दिसतच नाहीत. ज्या मुलांनी आईबापांना दुकानात स्कॅन करतानाच पाहिलंय, त्यांना पाकीट पातळ होताना दिसायला हवं. फोन पुढच्या वर्षी.

जेवण, नाश्ता, राहणं, सिंधुदुर्ग किल्ल्याला जायची होडी, पाण्यातला ठरलेला एक खेळ, हे आईवडिलांचं. खेळणी, टोप्या, मित्रमैत्रिणींना न्यायच्या वस्तू, जादाचं आइस्क्रीम हे मुलांचं. आइस्क्रीमवर माझ्यासमोरच वाद झाला. शेवटी दिवसाचं पहिलं वडिलांचं, दुसरं ज्याचं त्यानं, असं ठरलं. आज्जीला द्यायचेच असतील तर निघण्याआधी, सगळ्यांदेखत, दोघांना सारखे. वाटेत नाही. पुढच्या दिवसाची उचल मिळणार नाही.

सगळ्यात अवघड अट मोठ्यांसाठी होती: मुलांनी काय घ्यावं यावर बोलायचं नाही. वस्तू धोक्याची असेल तरच अडवायचं. टुकार असेल तर गप्प बसायचं. बहुतेक आईबाप पैसे देतात आणि प्रत्येक नोटेमागं सल्ला देतात. मग ते पैसे मुलाचे उरतच नाहीत, मूल फक्त हमाल होतं.

सहलीनंतर आई एकटीच आली आणि बसायच्या आधीच सांगायला लागली. पहिल्या दिवशी मालवणच्या धक्क्यावर धाकटीनं साबणाचे फुगे सोडणारी बंदूक घेतली, 120 ला. होडीत बसेपर्यंत बंद. रडली, बापाकडं बघितलं, बापानं समुद्राकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी शंखांच्या माळा. तिसऱ्या दिवशी तारकर्लीला वाळूत खेळण्यात दिवस गेला आणि सव्वाशे तसेच राहिले. चौथ्या दिवशी सावंतवाडीत चितार आळीत थांबले. तिथली लाकडी खेळणी आणि रंगवलेली लाकडी फळं प्रसिद्ध आहेतच. तिला फळांची टोपली हवी होती. आंबा, काजू, केळं, सीताफळ, अगदी खऱ्यासारखी. किंमत 350. तिच्याकडं 255.

वडिलांचा हात खिशात गेला. आईनं नुसतं बघितलं, तेवढ्यावर तो बाहेर आला. पोरगी रडली नाही, हे आईला फार वाटलं. मला त्याहून आवडलं ते पुढचं. तिनं दुकानदाराला विचारलं, "काका, यातली निम्मीच फळं देता का?" टोपलीशिवाय सुटी फळं मिळाली, 240 ला. आंबा घेतला, सीताफळ ठेवून दिलं, पुन्हा आंबा ठेवून सीताफळ घेतलं. गाडी आंबोली चढेपर्यंत तिनं ती मांडीवरून उतरवली नाहीत.

"आणि आमचा थोरला तर मॅडम, एकदम शहाणा," आई म्हणाली. "आठशेतले सातशे ऐंशी परत आणले." एकदाच काय ते थंड पेय घेतलं होतं. दुकानदारानं गार करायचे म्हणून पाच रुपये जादा मागितले, तर यानं बाटलीवरची छापील किंमत दाखवली आणि वीसच दिले. एवढं बरोबर बोलता येणारा मुलगा चार दिवसांत दुसरी एकही वस्तू घेत नाही? बहीण पैसे मोजत होती, तेव्हा हा दुकानाबाहेर गाडीपाशी उभा होता म्हणे.

काटकसरी मुलाचं कौतुक करायची आपल्याला घाई असते. 1960 नंतरच्या दशकात स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढं गोड खाऊ ठेवून थांबायला लावलं होतं. थांबणारी मुलं पुढं यशस्वी होतात, असं त्यावरून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. 2018 मध्ये तसाच अभ्यास जास्त मुलांवर झाला, तेव्हा घरची परिस्थिती हिशोबात घेतल्यावर तो संबंध बराच फिका पडला. थांबणारं प्रत्येक मूल संयमानंच थांबतं असं नाही. काही भीतीनं थांबतात.

थोरल्याला एकट्याला बोलावलं. पैसे कशासाठी ठेवलेस, असं विचारलं. आधी "असेच." मग, "पाऊस पडला तर लागतील."

ज्यांना बाग माहीत आहे त्यांना यापुढं सांगायला नको. ऑक्टोबरात छाटणी, मग फवारण्या. फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी हा बुरशीचा रोग आणि घडांची कूज. माल निघाला तरी शेडवर बेदाणा वाळत असताना आभाळ आलं की पुन्हा काळजात धस्स. पोरानं दोन वर्षांपूर्वी रात्री बापाला दारात उभं राहून पावसाकडं बघताना पाहिलं होतं. पट्टी आल्यावर मोठी रक्कम बोलली जाते, मग वर्षभर "नाहीत, नाहीत." मध्ये त्या रकमेचं काय होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नोकरदाराच्या घरात दर महिन्याला पगार येतो, मुलाला अंदाज असतो. याला पैसा म्हणजे एकदा येतो आणि पावसात जातो, एवढंच कळलं होतं. महाबळेश्वरला बहीण रडत होती तेव्हाही यानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आईला ते आत्ता आठवलं.

वडिलांना मी म्हटलं, त्याला पट्टी दाखवा. त्यांना ते पटेना. "पोराच्या डोक्याला कशाला ताप?" ताप त्याच्या डोक्यात आहेच, म्हटलं, फक्त आकडे नाहीत, त्यामुळं तो आहे त्यापेक्षा मोठा दिसतोय. पंधरा दिवसांनी फोन आला. रविवारी दोघं ओसरीत बसले होते. एकूण आले किती, सोसायटीच्या पीककर्जाचे किती, औषध-खतांच्या दुकानाचे किती, मजुरी, शाळेची फी, पुढच्या छाटणीला बाजूला किती. सहलीचे पैसे पट्टी आली त्याच दिवशी वेगळे काढले होते, हे ऐकल्यावर पोरानं विचारलं, "म्हणजे ते खर्च झाले असते तरी बागेला कमी पडले नसते?"

"नसते," वडील म्हणाले. पोरगा थोडा रागावलाच म्हणे, आधी का नाही सांगितलंत.

गावच्या यात्रेत त्यानं त्या सातशे ऐंशीतले दीडशे देऊन मनगटी घड्याळ घेतलं. आईचा फोन: "मॅडम, तिसऱ्या दिवशी बंद पडलं. काही बोलू का त्याला?"

"बोलू नका," म्हटलं. "दुकानदाराकडं परत न्यायचं की सेल बदलून बघायचा, ते त्यालाच ठरवू दे."