वाचकांचे प्रश्न : ओट्यावरचा डिशवॉशर

प्रश्न : दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. नळाला रोज पाणी नाही, उन्हाळ्यात टँकरच. अशात छोटा डिशवॉशर घेणं म्हणजे पाण्याची उधळपट्टी का? त्यातून निघालेलं पाणी कुंड्यांना चालेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ओट्यावर मावणाऱ्या सहा ते आठ जणांच्या मशीनला एका फेरीत साधारण ६ ते ८ लिटर पाणी लागतं. नळ सोडून भांडी घासली तर एवढं पाणी दीड-दोन मिनिटांत जातं. पण तुमच्याकडे टब आणि तांब्यानेच भांडी होत असतील, तर बचत फार मोठी दिसणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. बचत हवी असेल तर खरकटं बोटाने किंवा चमच्याने निपटून काढा आणि ताट तसंच लावा. प्रत्येक ताट आधी नळाखाली विसळलं, तर मशीन घेऊन काय उपयोग?

सांडपाणी कुंड्यांना घालू नका. पावडरीत सोडा असतो, त्याने माती बिघडते. पाणी बादलीत धरून संडासात ओता. पाइपचं टोक मात्र बादलीतल्या पाण्यात बुडू देऊ नका, नाहीतर घाण पाणी मशीनमध्ये परत ओढलं जाऊ शकतं.

प्रश्न : चार महिन्यांतच काचेचे ग्लास आणि स्टीलचे पेले पांढरट पडले. दुकानदार म्हणतो पावडर बदला. पाणी बोअरचं आहे.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पावडर बदलण्याआधी एका ग्लासावर लिंबाचा रस चोळून पाच मिनिटं थांबा. डाग गेला तर तो क्षारांचा थर आहे, आणि बोअरच्या पाण्यात बहुतेक तेच निघतं. नाही गेला तर काच झिजलेली असू शकते. तिला इलाज नाही.

क्षारांचा बंदोबस्त पावडर नव्हे, मीठ करतं. मशीनच्या तळाशी, जाळीजवळ, फिरकीचं झाकण असलेला मिठाचा कप्पा बघा. त्याच्या जोडीला असलेलं रेझिन, म्हणजे बारीक मणी, पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि मीठ ते रेझिन पुन्हा ताजं करतं. पहिल्यांदा कप्पा आधी पाण्याने भरायचा, मग डिशवॉशरचं जाड मीठ काठोकाठ. सांडलेलं पुसून लगेच एक फेरी चालवा; खारं पाणी स्टीलवर राहिलं तर गंज धरतो. खायचं मीठ नको, त्यात आयोडीन आणि ढेकळं होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्यं असतात. खडेमिठात माती आणि इतर क्षार येतात.

मीठ भरूनही थर येत असेल तर पाण्याच्या कठीणपणाची, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणाची, सेटिंग कारखान्यातून आली तशीच मधल्या आकड्यावर असेल. पुस्तिका काढून ती वाढवा. त्यासाठी पाण्याचा कठीणपणा तपासून घ्या. आरओवाल्याच्या टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. काळ्या पाषाणातल्या बोअरला २०० ओलांडणं काही अवघड नाही. आणि आरओचं वाया जाणारं पाणी साठवून मशीनमध्ये ओतायचा मोह टाळा. त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात.

आत्ता साचलेला थर काढायला रिकाम्या मशीनच्या तळाशी ५० ग्रॅम लिंबूसत्व टाकून सर्वांत गरम फेरी चालवा. सोबत पावडर नको, सोडा आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात.

बाजारातल्या अगदी लहान, टाकीत हाताने पाणी ओतायच्या बऱ्याच मशीनला मिठाचा कप्पाच नसतो. बोअरवर राहणाऱ्याने तसलं मशीन घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत.

प्रश्न : सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. मशीन सुरू होतं, थोडं पाणी घेतं आणि बिघाडाचा आकडा (एरर कोड) दाखवून थांबतं.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी नळ बंद करून आत येणाऱ्या पाइपची चकती सोडवा. तिच्या तोंडाशी बारीक जाळी असते. टँकरच्या पाण्याचा गाळ तिथेच बसतो. जुन्या ब्रशने धुवा. तरीही तेच झालं तर पाण्याचा दाब कमी आहे. १ मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो आणि बऱ्याच मशीनना किमान ०.४ बार लागतो, म्हणजे टाकीचा तळ नळापासून ४ मीटर वर हवा. गच्चीवरची टाकी तुमच्या डोक्यावर जेमतेम अडीच-तीन मीटर असणार. छोटा प्रेशर पंप बसवा. आणि मशीन १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच लावा. वीज गेली की घरातला नेहमीचा इन्व्हर्टर या हीटरला पुरत नाही. वीज आल्यावर बहुतेक मशीन राहिलेली फेरी पुढे चालवतात, तेवढा वेळ दार उघडू नका.

प्रश्न : कुकर, कढई, परात यात बसतात का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : घेण्याआधी ताट मोजा. छोट्या मशीनमध्ये साधारण २६ सेंटिमीटरपर्यंतचं ताट उभं राहतं. १२ इंची ताट आणि परात बाहेरच. ॲल्युमिनियमचा कुकर-कढई काळवंडते, बिडाचा तवा गंजतो, पितळेची चमक जाते, लाकडी काथवट-पोळपाट तडकतात. स्टीलचा कुकर चालतो, पण रिंग आणि शिट्टी काढून. शेंगदाण्याच्या कुटाची आमटी झाली असेल तर टरफलं तळाच्या जाळीत अडकतात, त्या दिवशी जाळी नळाखाली धुवायचीच. भांडी घासायचं लिक्विड मात्र चमचाभरसुद्धा नको. फेस दाराच्या फटीतून ओट्यावर येतो.