वाचक विचारतात : रेडिओवरची गुन्हेकथा

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या मुलांना ‘ड्रॅगनेट’ या जुन्या अमेरिकी रेडिओ मालिकेच्या धर्तीवर अर्ध्या तासाची पोलिसी श्रुतिका बसवायची आहे. जुने भाग ऐकले. कोणी ओरडत नाही, तरी कान हलत नाही. हे कसं साधतं?
(एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : आवाज खाली ठेवल्यामुळेच साधतं. ‘ड्रॅगनेट’चा कर्ता आणि नायक जॅक वेब १९४८च्या ‘ही वॉक्ड बाय नाइट’ या चित्रपटात काम करत होता. तिथले सल्लागार होते लॉस एंजलिस पोलिसांतले सार्जंट मार्टी विन. त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून खऱ्या तपासांवर मालिका करायची कल्पना निघाली आणि ३ जून १९४९ला एनबीसी या अमेरिकी रेडिओ कंपनीवरून ती सुरू झाली. वेबने रंगवलेला सार्जंट फ्रायडे सुरुवातीलाच वार, हवा, पाळी आणि विभाग सांगून टाकतो. तुमच्या संहितेतही एवढंच करा : मंगळवार, उकाडा, रात्रपाळी, घरफोडी. वर्णन नको.

अभिनयाचं निम्मं काम माईकपासूनच्या अंतराने होतं. साधं बोलणं एक वीत अंतरावरून. कानात सांगायचं तर चार बोटांवरून, पण तोंड जरा तिरकं ठेवून. नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’चा वारा माईकवर आदळतो. दारातून येणारं पात्र पाच-सहा पावलं लांबून बोलत बोलत जवळ यावं. इथे मुलं हमखास चुकतात : सगळे माईकशीच उभे राहतात आणि ‘लांबचा’ आवाज नंतर बटणाने कमी करतात. तसं केल्याने आवाज बारीक होतो, लांब जात नाही, कारण लांबून बोलताना भिंतींवरून परतणारा घुमारा त्यात नसतो.

पावलांना वेळ द्या. पोलीस जिना चढतोय तर वर पोचेपर्यंत चढू द्या, मध्ये कापू नका. ‘ड्रॅगनेट’चा ताण अशा शांत जागांत भरलेला आहे. वाड्यातल्या पावलांसाठी दोन फुटी शहाबादी फरशी पुरते. रानवाटेसाठी मुरूम घ्या, पण घमेल्यात नको, पत्रा वाजतो. लाकडी खोक्यात तळाला गोणपाट घालून वर तीन इंच मुरूम पसरा. माणूस कोसळण्यासाठी अर्धं भरलेलं ज्वारीचं पोतं कमरेच्या उंचीवरून सोडा. गच्च भरलेलं पोतं एकदाच ‘धप्’ करतं, अर्धं भरलेलं आधी आपटतं आणि मग सैलावतं. तो दुसरा आवाजच माणसाचा वाटतो.

संहितेच्या पानांची पिन काढून टाका, वाचलेलं पान हळूच बाजूला सरकवा. शेवटच्या पाच पानांत गाळता येतील अशी वाक्यं आधीच खुणा करून ठेवा, म्हणजे वेळ हुकली तरी शेवट कापावा लागत नाही.

प्रश्न : गोळीच्या आवाजासाठी सुतळी बॉम्ब मोबाइलवर रेकॉर्ड केला. ऐकताना नुसतं ‘फट्’ येतं, आणि त्यानंतर दोन क्षण सगळंच मुकं होतं.
(एक वाचक, लातूर)

उत्तर : धमाका माईकच्या ताकदीबाहेरचा असतो, म्हणून लाटेचा माथाच छाटला जातो. वर मोबाइल आपोआप पातळी खाली ओढतो आणि ती परत वर यायला वेळ घेतो. तुमचं ‘मुकं होणं’ ते हेच. जुन्या स्टुडिओतही ही अडचण होती. रिबन माईकमधली अॅल्युमिनियमची पट्टी इतकी नाजूक की जवळचा बार तिला ताणून निकामी करू शकतो.

फटाका सोडून द्या. रेक्झिनची जुनी गादी खुर्चीवर ठेवून लाकडी फूटपट्टी सपाट मारा, माईक दोन हात लांब. आपोआप पातळी ठरवण्याची सोय बंद करून सर्वांत मोठा ठोका मीटरवर उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. त्याआधी कडी-कोयंड्याचा खटका जोडा, आणि मागे रिकाम्या खोलीत घुमलेला तोच ठोका हलका करून लावा. गोळीनंतर दीड-दोन सेकंद कोणीही बोलू नये. श्रोत्याला बंदूक पटते ती त्या गप्प जागेमुळे.

प्रश्न : ‘सॉरी, राँग नंबर’ या जुन्या अमेरिकी श्रुतिकेतला फोनवरचा आवाज घरी कसा करायचा?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : संगणकावर ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० हर्ट्झच्या वरचं कापा, फोन तयार. पण फोनवरच्या नटाला वेगळ्या खोलीत बसवा. त्याच खोलीत बसवलात तर त्याचा मूळ आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरतो आणि फसवणूक उघडी पडते. वेगळ्या खोलीमुळे इशारे मात्र हुकतात, त्यासाठी हेडफोन आणि खुणेचा दिवा दोन्ही ठेवा. ल्युसील फ्लेचर यांची ही कथा अॅग्नेस मूरहेड यांनी २५ मे १९४३ला ‘सस्पेन्स’ या रेडिओ मालिकेत थेट सादर केली, तेव्हा नेमका शेवटचा इशारा चुकला आणि शेवट काय झाला याचा श्रोत्यांना उलगडाच झाला नाही.

प्रश्न : जुन्या भागांत मध्येच आवाजाचा पोत बदलतो. टेप खराब आहे का?
(एक वाचक, परभणी)

उत्तर : बहुधा टेपचा दोष नाही. असे कार्यक्रम १६ इंची तबकड्यांवर उतरवले जात, एका बाजूला साधारण १५ मिनिटं. सुई मध्याकडे सरकते तसा बारीक, टोकदार आवाज मंदावतो, आणि नवी बाजू लागली की एकदम उजळतो. साफ करताना दोन्ही बाजू वेगळ्या तोडून घ्या आणि पहिल्या बाजूच्या शेवटच्या चार-पाच मिनिटांनाच वरचे स्वर थोडे वाढवा. अख्ख्या भागाला एकच फिल्टर लावलात तर दुसऱ्या बाजूची सुरुवात कर्कश होईल.