ऑरलँडोला पार्कातच जेवावं का डबा न्यावा?

तुम्ही लिहिलंय की डिस्ने वर्ल्डच्या ॲपमधे मेन्यू बघितला, १५ डॉलरचा बर्गर बघून धस्स झालं, बरोबर ४ आणि ८ वर्षांची मुलं, सासूसासरे, त्यात सासूबाई शुद्ध शाकाहारी, आणि जायचंय जुलैत. तर एवढे पैसे वसूल होतात का? आम्ही न्यू जर्सीहून चारदा गेलोय, दोनदा आईबाबा बरोबर होते, म्हणून जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

चवीचं म्हणाल तर नाही होत वसूल. बर्गर, पिझ्झा, चिकन टेंडर्स घराजवळच्या मॉलमधे मिळतात तसेच. पण जुलैत दुपारी एक वाजता तिथे पैसे द्यायचे ते खुर्चीचे आणि एसीचे. पहिल्या ट्रिपला मला हे कळलं नव्हतं. पैसे वाचवायच्या नादात मी सगळ्यांना बाकड्यावर बसवून चिवडा आणि सफरचंदं खायला घातली, घामाने सगळे निथळतायत, वर दुपारचा ठरलेला पाऊस आला, आणि तीन वाजता बाबा शांतपणे म्हणाले, "मी इथेच बसतो, तुम्ही फिरून या." त्यांच्या तिकिटाचा अर्धा दिवस गेला की हो वाया, आणि मी वाचवले किती तर तीसेक डॉलर!

बाहेर जाऊन स्वस्तात जेवून येऊ असा विचार असेल तर मॅजिक किंगडम या डिस्ने वर्ल्डमधल्या पार्काला तरी सोडूनच द्या. परत आत घेतात, प्रश्न तो नाही, पण गाडी लावतो ती जागा तळ्याच्या पलीकडे, गेटपासून तिथे मोनोरेलने नाहीतर फेरीने जायचं, मग पुढे हॉटेल शोधा, परत या, दोन-अडीच तास सहज जातात. म्हणून तर आत ते भाव चालतात.

आता डब्याचं. इथे बाहेरचं खाणं नेऊ देतात, हे आपल्याकडून येणाऱ्यांना खरंच वाटत नाही (भारतात एका वॉटरपार्कच्या गेटवर माझ्या बॅगेतले बेसनाचे लाडू काढून ठेवायला लावले होते, ते दुःख अजून आहे). फक्त काचेचं काही नको, म्हणजे सासूबाईंची लोणच्याची बरणी हॉटेलवरच राहू दे, सुटा बर्फ चालत नाही, आइसपॅक चालतो. गरम करावं लागेल किंवा फ्रिजमधे ठेवावं लागेल असं काही न्यायचं नाही, आणि उग्र वासाचं नको असंही नियमात आहे, लसणाच्या चटणीचं काय ते तुम्हीच ठरवा :) पाणी विकत घेऊच नका. ज्या काउंटरवर सोडा मिळतो तिथे बर्फाच्या पाण्याचा ग्लास मागितला की फुकट देतात.

आमचं गणित असं बसलंय: सकाळचं आणि चार वाजताचं खाणं बॅगेतून, दशम्या, तिखट पुऱ्या, केळी, चिक्की. दुपारी एकदाच आत नीट बसून जेवायचं, तेही साडेअकराला, गर्दीच्या आधी, ॲपवरून मोबाइल ऑर्डर करून. ॲनिमल किंगडम या दुसऱ्या पार्कात सातुली कँटीन आहे, तिथे टोफूचा बाऊल मिळतो, माझ्या आईने "हे काय पनीर आहे का" विचारत संपवला. मेन्यूत हिरव्या पानाची खूण दिसली की त्यात मांस, अंडं, दूध काहीच नसतं, सासूबाईंना ती खूण दाखवून ठेवा.

जास्त पैसे मोजून मला एकदाही वाईट वाटलं नाही अशी जागा म्हणजे सना हे रेस्टॉरंट. ही पार्कात नाही, ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलच्या किडानी व्हिलेज भागात आहे, त्यामुळे पार्कचं तिकीटही लागत नाही. तिथली ब्रेड सर्व्हिस मागवा. नान, पराठे, कुलचा असे पाच प्रकार आणि बरोबर नऊ वाट्या, त्यात रायतं, आंब्याची चटणी, चिंचेची चटणी वगैरे. आम्ही गेलो तेव्हा वीसच्या घरात होती आणि दोघा-तिघांना पुरली. खिडकीबाहेर जिराफ चरत होता, बाबा नान हातात धरून नुसते बघत बसले. उजेड असतानाचंच बुकिंग घ्या, अंधारात जिराफ कुठून दिसणार.

मिकीबरोबरचा ब्रेकफास्ट मोठ्यांना माणशी पन्नास डॉलरच्या वर जातो. ४ वर्षांच्या मुलासाठी एकदा करा, कारण नाहीतर तोच मिकी भेटायला तासभर रांगेत उभं राहायचं, इथे तो टेबलापाशी येतो. ३ ते ९ वर्षांना मुलांचा दर असतो, म्हणजे तुमची दोघंही त्यात बसतील. मोठी माणसं मात्र बफेत तेवढं खात नाहीत, सासूसासऱ्यांना त्या सकाळी हॉटेलवर आराम करू दे.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही सहा जण सगळे मिळून बसलात तर टेबल सर्व्हिसला, म्हणजे वेटर टेबलावर वाढतो तिथे, १८ टक्के टिप बिलात आधीच लावलेली असते. मी ते न वाचता वर परत टिप लिहून सही केली होती, नवऱ्याने पार्किंगमधे पावती बघितली आणि अख्खा परतीचा रस्ता तोच विषय. आणि ही टेबलांची बुकिंगं ६० दिवस आधी उघडतात, तारखा ठरल्या असतील तर आजच मोजा.