अलिबागला पहिल्यांदा जाताय? आधी तिथी बघा

भाऊ, हॉटेल मागाहून बघा, आधी कॅलेंडरवरची तिथी बघा. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं ते फक्त ओहोटीला. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, म्हणजे पाणी उतरलेलं मिळतं सकाळी सहा-सातला. मग रोज साधारण 50 मिनिटं पुढं. मी पहिल्या खेपेला निवांत नाश्ता करून दहाला पोचलो, तर वाटेवर छातीएवढं पाणी. लेकरं काठावरच रडली. परतीची वेळ तिथल्या कोळ्यांना विचारूनच आत शिरा. आपण विहिरीत पोहलेले असलो तरी समुद्राची ओढ वेगळी असते, गुडघ्याच्या वर जाऊ नका.

बडनेऱ्याहून रात्री विदर्भ एक्सप्रेस धरा, सकाळी सीएसएमटी. पुढं गेटवेवरून मांडव्याची (अलिबागजवळच्या बंदराची) लाँच. पावसाळ्यात ती बंद असते.

मे महिन्यात जाऊ नका. आपल्याकडं विदर्भात 45 डिग्रीतही कूलर साथ देतो, तिथल्या दमट हवेत तो चालत नाही, घामही सुकत नाही. सुती कपडे दोन जोड जास्त घ्या. जेवण नारळाचं, गोडसर लागेल, ठेच्याची डबी सोबत असू द्या. सोलकढी मात्र नक्की प्या.