पंजा धरला की चावतो

प्रश्न : माझं ग्रूमिंगचं दुकान आहे. तीन वर्षांचा एक ल्हासा आप्सो कुत्रा नखं कापताना चावायला येतो. कापडी मझल (तोंडाची मुसकी) बांधून, दोघांनी दाबून धरून काम उरकतो, पण दर खेपेला तो जास्तच चवताळतो. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तो चवताळतो ते दाबून धरल्यामुळेच. पंजाला हात लागला की पुढे काय होणार हे त्याला आता पाठ झालंय, म्हणून तो आधीच दात दाखवतो.

कापडी मझल आजच बाजूला ठेवा. त्यात तोंड मिटलेलं राहतं, आणि कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून. त्यात ड्रायरची गरम हवा आली की उष्माघाताचा धोका. आखूड मुस्कटासाठी मिळणारं जाळीचं मझल घ्या. आत जीभ बाहेर काढता आली पाहिजे आणि जाळी डोळ्यांना घासता कामा नये.

ते मालकांना घरी न्यायला सांगा. पहिले काही दिवस मझलचा पट्टा लावायचाच नाही. आतून दही किंवा पीनट बटर चोपडून नुसतं समोर धरायचं, नाक त्यानं आपणहून घालायचं. (पीनट बटरमध्ये झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, नाही ना, हे डब्यावर वाचा. कुत्र्यांना ते विषारी असतं.) मग पट्टा एक सेकंद, नंतर पाच, नंतर दहा. घाई केली की पुन्हा पहिल्या पायरीवर.

अठराही नखं एका भेटीत कापायचा हट्ट सोडा. पहिल्यांदा पंजाला फक्त हात लावून खाऊ द्या, पुढच्या वेळी एकच नख. काळ्या नखात जिवंत भाग दिसत नाही, म्हणून मिलिमीटरभराचे काप घ्या. मधोमध मऊ, ओलसर ठिपका दिसला की थांबा. रक्त थांबवणारी पावडर हाताशी हवीच. टेबलावरचा गळ्यातला फास झटक्यात सुटणारा असावा, आणि कुत्र्याला त्यात क्षणभरही एकटं सोडू नका.

गुरगुरला म्हणून कधीही रागावू नका. गुरगुरणं दाबलं की पुढचा चावा सूचनेशिवाय येतो. त्याआधी अंग ताठ होतं, ओठ चाटले जातात, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतो. हात तेव्हाच काढा.

प्रश्न : गुंगीची गोळी देऊन कुत्रा आणला तर? – एक वाचक, ठाणे

उत्तर : स्वतःच्या मनानं मुळीच नको. अ‍ॅसेप्रोमाझिन या गुंगीच्या औषधानं अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते. आवाजानं दचकून कुत्रा चावू शकतो. भीती कमी करणारं औषध पशुवैद्य ठरवतील, त्याचा पहिला डोस ग्रूमिंग नसलेल्या दिवशी घरी देऊन बघा. अंगभर जटा असतील तर त्या दवाखान्यातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढाव्यात. जट ओढली की कातडी ओढली जाते, मग शांत कुत्राही चावतो.

चावलाच, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. दुकानातल्या प्रत्येकानं ही लस आधीच घेऊन ठेवावी. तिचा कोर्स पूर्ण असेल तर चाव्यानंतर 0 (पहिल्या डोसचा दिवस) आणि 3 या दिवशी दोनच डोस लागतात, सीरम (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही.